मोकळी सोडायची जागा

समोरच्या बाईंच्या पायऱ्यांवर कुणी अनोळखी सुतार रंधा मारत बसला होता. गॅसची कामं करणारा फिटर कामावरून घरी परतत होता, खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यात दुसऱ्या दिवसाची कामं; पायऱ्यांखाली साचलेल्या पिवळ्या ढलप्या दिसल्या तशी त्याची चाल आपोआप मंदावली. बाई शाल लपेटून दारातच उभ्या होत्या. त्याला बघून त्या गडबडल्या, आणि गडबडलेली माणसं बोलतात तशा भराभरा बोलू लागल्या. "खालची फळी कुजली होती हो. म्हटलं, पाय जायचा कुणाचा तरी." मग एक पायरी उतरून, आवाज खाली आणून, "तुमच्या सासऱ्यांना मुद्दामच नाही सांगितलं. मागच्या आठवड्यात ते तसं झालं ना... उगीच कशाला त्यांना त्रास? वय झालं आता. राग नाही ना आला तुम्हाला?" "छे, राग कसला," फिटर म्हणाला, "बरंच केलंत." आणि रस्ता ओलांडून आपल्या दाराशी आला. नुसतं 'राग कसला' म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'बरंच केलंत' हे शेपूट आपण कशाला जोडलं, हे त्याला कळेना. त्यानं किल्ली काढली आणि दारासमोर तसाच उभा राहिला. पाठीमागे रंध्याचा आवाज चालू होता, सरळ आणि लांब. हातात कसब असलेला माणूस दिसत होता.

त्या पायऱ्या मुळात सासऱ्यांनीच केलेल्या. या गल्लीतली घरं सगळी लाकडाची, उभ्या-आडव्या खांबांच्या सांगाड्यावर फळ्या ठोकलेली, आणि त्यातलं एकही घर असं नव्हतं की ज्याच्या दाराला, खिडकीला किंवा जिन्याला सासऱ्यांचा हात लागला नव्हता. म्हातारपणी काम सुटलं तरी लोक येतच राहिले. हवा पालटली की कुणाचं दार फुगायचं, कुणाची खिडकी अडकायची, आणि संध्याकाळी कुणीतरी संकोचत दाराशी यायचं, "बाबा आहेत का घरात?" ते विचारणं ऐकलं की आतल्या खोलीत खुर्ची करकरायची आणि सासरे पायात चपला सरकवतच बाहेर यायचे. काय झालंय हे ऐकायच्या आधीच तयार. गेल्या आठवडाभरात कुणी आलं नव्हतं. आठवडाभर कुणाचं दार अडकलं नसेल, अशी फिटरनं स्वतःची समजूत घातली होती. आता समोरच रंधा चालला होता आणि तो आवाज आतल्या खोलीत ऐकू जात असणारच. म्हाताऱ्याचे कान तिखट होते. रंध्याचं पातं बोथट आहे की धारदार हे ते भिंतीपलीकडून सांगत.

दार उघडल्यावर आधी गारवा अंगावर आला. बैठकीच्या भिंतीला फायरप्लेससाठी फोडलेलं भगदाड अजून तसंच होतं. बायकोनं त्यावर जुनी चादर खिळ्यांनी अडकवली होती आणि वाऱ्यानं ती पोट फुगवून पुन्हा आत जात होती. स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे. "आलात? चहा टाकू का? का थांबू?" तो म्हणाला, "टाका ना बाबा." मग ते म्हणाले, "दिवा लावू ना इथला?" तो म्हणाला, "लावा की." हे आठवडाभर असंच चाललं होतं. खिडकी लावून घेऊ का, ही खुर्ची इकडे सरकवली तर चालेल का, पेपर वाचून झाला असेल तर नेऊ का. जे घर स्वतःच्या हातानं उभं केलं, ज्याचा प्रत्येक खिळा कुठे आहे ते डोळे मिटून दाखवतील, त्या घरात माणूस दिवा लावायची परवानगी मागत होता. बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारावंसं वाटत होतं, आणि फिटर रोज 'लावा की', 'न्या की' म्हणत होता आणि रोज थोडा थोडा कानकोंडा होत होता.

त्याचा धंदा असा, की लाकडी घरांत गॅसची फायरप्लेस बसवून द्यायची. ज्या दोघांनी एकमेकांचं तोंड बघू नये त्यांना एकाच भिंतीत नांदवायचं. गिऱ्हाइकाला तो हे फार छान समजावून सांगत असे. "यात बसवायचं काम कमी," तो म्हणायचा, "सोडायचं काम जास्त." लोखंडी पेटी लाकडी खांबांपासून लांब ठेवायची. समोर सिमेंटचा बोर्ड मारायचा, साधा चालत नाही. आणि धुराचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे त्याच्याभोवती पत्र्याचं रुंद कडं बसवायचं, आणि पाइप आणि लाकूड यांच्या मधली जागा मोकळी सोडायची. त्या जागेत काही म्हणजे काही घालायचं नाही. कापूस नाही, फोम नाही, लाकडाची ढलपीसुद्धा नाही. तिथे नुसती हवा राहिली पाहिजे. गिऱ्हाइकं विचारायची, एवढ्याशा उष्णतेनं लाकूड पेटतं का हो? मग तो जरा थांबायचा, भाव खायचा, आणि सांगायचा की पहिल्या दिवशी नाही पेटत. रोज थोडं थोडं भाजत जातं, आतून सुकत जातं, आणि मग एका हिवाळ्यात, तुम्ही वरच्या मजल्यावर निवांत असताना... पुढचं वाक्य तो मुद्दाम अर्धं सोडायचा. शेवटी फायरप्लेस पेटवली की त्याचा ठरलेला खेळ असे. घरातल्या बाईचा किंवा म्हाताऱ्याचा हात धरायचा आणि वरच्या भिंतीवर टेकवायचा. "बघा. आत आग आहे, आणि भिंत गार." लोक खूश व्हायचे. तोही व्हायचा. इतकी वर्षं झाली तरी त्याला त्या क्षणाचा कंटाळा आला नव्हता.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य याच्या बरोबर उलट गेलेलं. फट हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. चांगल्या सुताराच्या कामातून कागद सरकता कामा नये, मग वारा तर दूरच. सासूबाई होत्या तेव्हा पाहुण्यांना सांगायच्या, "मला बघायला आले आणि माझ्या दातांतली फट दिसली, तेव्हाच यांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला होता." सासरे हसायचे, पण थोडेसे ओशाळायचेही, कारण ते अगदीच खोटं नसावं. सासूबाई गेल्या आणि फिटर बायको-मुलीसह इथे राहायला आला तो तात्पुरता म्हणून. तात्पुरतं मग तसंच लांबत गेलं. मित्र 'घरजावई' म्हणून चिडवत, तोही हसण्यावारी नेई, पण भिंतीत एक खिळा ठोकायचा झाला तरी त्याला आधी घसा खाकरावा लागे. सासऱ्यांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त त्याच्या हातातून खिळा आणि हातोडी अलगद काढून घ्यायचे, भिंतीवर बोटानं टकटक करायचे, आणि दोन घावांत खिळा आत. "हं, जावईबापू, लावा तुमचं चित्र." प्रेमानंच म्हणायचे. आणि फिटर चित्र लावायचा. लोकांच्या भिंती फोडून त्यात आग बसवणारा माणूस आपल्या घरी फक्त चित्र लावायचा.

म्हणून बायकोनं जेव्हा हट्ट धरला की आपल्याकडेही एक बसवू, लेकीची, चिमणीची, खोली थंड पडते, तेव्हा त्याला जे वाटलं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, आता बघू. आणि खरंच, भिंत फोडायच्या दिवशी सासरे बाजूला स्टुलावर बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून, न्हाव्याकडे नंबर यायची वाट बघत बसावं तसे. "इथे हात लावू नका बाबा," त्यानं एकदा सांगितलं. "ती पकड द्या, ती नव्हे, ती दुसरी." सासऱ्यांनी दुसरी दिली. यात वाईट काहीच नव्हतं, कामच तसं होतं. पण प्रत्येक वेळी 'हात लावू नका' म्हणताना जिभेवर गोड चव येत होती, आणि ती आज आठवली की त्याला स्वतःचीच किळस येत होती. म्हाताऱ्यानं त्याचं काय वाकडं केलं होतं? चार खिळे ठोकले होते, बस.

चहाचा कप घेऊन तो चादरीसमोर खाली बसला. आज बंद करायचंच, असं त्यानं सकाळी ठरवलं होतं. उद्या उद्या करत आठवडा गेला होता आणि लोकांच्या घरचं काम मात्र एकही चुकलं नव्हतं. बायको मुलीला घेऊन बाहेर गेली होती. सासरे आत गेले, पण आतून कसलाच आवाज येत नव्हता, म्हणजे ते ऐकत बसले असणार. बाहेरचा रंधा थांबला आणि हातोडी सुरू झाली. त्यानं चादर काढली. आत लोखंडी पेटी, तिच्या डोक्यावरून वळून बाहेर जाणारा पाइप, पाइपाभोवती कडं आणि कड्याभोवतीची मोकळी जागा. त्या दिवशी इथपर्यंतच काम आलं होतं आणि फोन वाजला होता. एका बेकरीत भट्टीपाशी गॅसचा वास येतोय, ताबडतोब या. बायकोनं संध्याकाळी नवी फायरप्लेस बघायला शेजाऱ्यांना बोलावून ठेवलेलं. तो एका पायात बूट घालत दाराशी पोचला, आणि त्याचं लक्ष स्टुलावरच्या सासऱ्यांकडे गेलं. बिचारे सकाळपासून नुसते बसून आहेत, असं त्याच्या मनात आलं. रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यावं तसा तो म्हणाला, "बाबा, तेवढं पाइपाच्या आजूबाजूचं बघून घ्या. फट-बिट राहायला नको. आलो की बोर्ड मारतो." त्याच्या मनात बाहेरची फट होती, घराच्या बाहेरच्या फळ्या आणि पत्रा यांच्या मधली, जिच्यातून पाणी आणि वारा येतो. ती भरायचीच असते. आतली सोडायची असते. हे त्याला माहीत होतं, शेकडो लोकांना त्यानं हे सांगितलं होतं, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नव्हतं. घरच्या माणसाला काय सांगायचं, असंच काहीतरी. स्टुलावरून म्हातारा उठला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की आपण मोठंच पुण्य केलं असं वाटून फिटर शीळ घालत बाहेर पडला.

बेकरीतून यायला उशीर झाला. बायको धावपळ करत होती, चिमणी नव्या कपड्यांत फिरत होती. त्याचा एक नियम होता, आणि तो कुणीही घाई केली तरी मोडत नसे. भिंत बंद करायच्या आधी आत दिवा धरायचा आणि हात घालून चारी बाजूंनी फिरवायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं. त्या दिवशी सासरे बाजूला उभे होते, मनगटापर्यंत भुसा लागलेला, आणि म्हणाले होते, "एकदा बघून घेता का?" हे वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आणि आपलं उत्तरही. "बाबा, तुम्ही केलंय म्हटल्यावर त्यात काय बघायचं?" म्हाताऱ्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. यालाही बरं वाटलं होतं, की कौतुकही झालं आणि वेळही वाचला. त्यानं बोर्ड उचलला आणि स्क्रू मारायला सुरुवात केली.

आता मात्र त्यानं दिवा धरला. हात आत घातला आणि पाइपाभोवती सावकाश फिरवला. मोकळं होतं, हवा थंड लागत होती. तरी त्यानं पुन्हा फिरवला. मग गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं, मग पुन्हा हात आत. आपण आता काय शोधतोय हे त्याला उमगेना. मागच्या आठवड्यातल्या त्या संध्याकाळी खोली माणसांनी भरली होती. नवी फायरप्लेस पहिल्यांदा पेटते तेव्हा रंगाचा वास येतो म्हणून त्यानं खिडक्या उघडल्या होत्या, आणि त्या वासात दुसरा वास मिसळलेला कुणाला कळला नाही. त्यालाही नाही. तो बोलत होता. सोडायचं काम, मोकळी हवा, वरच्या मजल्यावर निवांत असताना, सगळं नेहमीचं. समोरच्या बाईंना आपल्याकडेही बसवून घ्यायची होती, म्हणून तो जरा जास्तच रंगात आला होता. शेवटी त्यानं बाईंचा हात धरून भिंतीवर टेकवला. "बघा. आत आग, आणि भिंत गार." बाईंनी हात झटक्यानं काढला. "अगंबाई, गार कुठे? चांगली तापलीये की!" लोक हसले. त्यांना वाटलं बाई थट्टा करताहेत. त्यानं तळवा टेकवला. भिंत खरंच तापली होती.

मग त्यानं गॅस बंद केला आणि सगळ्यांच्या देखत स्क्रू काढले. तेव्हाच लोकांना चहा प्यायला आत पाठवता आलं असतं, पण तेवढं त्याला सुचलं नाही. बोर्ड निघाला आणि आतून तापलेल्या लाकडाचा वास आला. पाइपाभोवती, कड्याच्या भोवती, चिंचोळ्या पट्ट्या एकीला एक लावून गोल बसवल्या होत्या. प्रत्येक पट्टी पाइपाच्या गोलाईला जुळेल अशी आतून कोरलेली, कडा घासलेल्या, दोन पट्ट्यांमधून नखसुद्धा जाणार नाही. तितकं सुबक काम त्यानं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, आणि ते तासन्‌तास श्रम करून अशा जागी केलं होतं की जिथे ते कुणालाही दिसणार नव्हतं. एका पट्टीतून राळ पाझरून चकाकत होती. समोरच्या बाई मान लांब करून म्हणाल्या, "अय्या, किती छान बसवलंय, पण हे तर लाकूड ना?" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि तो सासऱ्यांकडे वळून ओरडला, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

विचारतानाच त्याला उत्तर माहीत होतं. ते आधी विसरलो होतो आणि नंतर आठवलं, अशी सोय त्याला स्वतःला देता आली असती तर आठवडा बरा गेला असता. पण तसं नव्हतं. तोंडातून शब्द बाहेर पडत असताना त्याला दाराशी एका पायात बूट घालणारा स्वतः दिसत होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण नीट, एखादी फळी बाकदार आहे का ते बघावं तसं. मग मान खाली घालून म्हणाले, "कुणी नाही. माझं मीच केलं." बायको म्हणाली, "बाबा! अहो, विचारायचं तरी!" आणि मग फिटर जो सुटला तो सुटलाच. ही जागा मोकळी सोडायची असते, घर पेटलं असतं, वर नात झोपते तुमची, प्रत्येक गोष्टीत हात घालायची ही सवय... त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच त्याला ती इतक्या जोरात म्हणता आली. शेजारी एकेक करून निघून गेले, जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले, वेळेवर लक्षात आलं हो तुमच्या. सासरे जमिनीवर बसून एकेक पट्टी पाचरीनं उचकटत होते. एकही मोडू न देता.

तेव्हापासून बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. चूक बाबांची, हे तिला मान्य होतं. "पण चारचौघांत असं बोलायचं?" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा सांगून टाकणं सोपं होतं. त्यानं तोंड उघडलंही होतं, आणि बाहेर आलं ते, "मी घाबरलो होतो गं, चिमणी वर असते." तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी घरात गुडघ्यांवर बसून पाइप जोडताना तो ते वाक्य पुटपुटत होता, मीच सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं. घरमालकानं विचारलं, काही म्हणालात? तो म्हणाला, नाही, माप मोजतोय. लोकांच्या भिंतींपुढे बसून ते वाक्य आठवडाभर त्याच्या तोंडात घोळलं आणि रोज संध्याकाळी घरच्या दाराशी गिळलं गेलं. आज समोर रंधा चालला होता. आता हे नुसतं घरातलं राहिलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या हातावरचा गल्लीचा विश्वास उडाला होता, तो त्यानं उडवला होता, आणि तो परत आणायला जगात एकच माणूस होता.

त्यानं बोर्ड मारला. शेवटचा स्क्रू बसत होता तेव्हा दार उघडलं आणि बायको, चिमणी आणि त्यांच्यामागे समोरच्या बाई आत आल्या. बाईंच्या मनाला पायऱ्यांचं लागलं असावं. हातात बिस्किटांचा पुडा होता. "म्हटलं, चला, बघून येऊ," त्या म्हणाल्या, "झालं का नीट?" बायकोनं खिडकी उघडली. त्यानं छताजवळच्या विषारी वायूचा इशारा देणाऱ्या भोंग्याचं बटण दाबून तो चालतोय ना ते बघितलं, आणि फायरप्लेस पेटवली. काचेमागे ज्योत आधी निळी आली, मग पिवळी झाली. चिमणीनं टाळ्या वाजवल्या. त्यानं काही भाषण केलं नाही. नुसता उभा राहिला आणि बऱ्याच वेळानं भिंतीवर तळवा ठेवला. भिंत गार होती. बाईंनीही ठेवला, "आता कसं!" बायकोनं ठेवला, चिमणीला उचलून तिचाही टेकवला. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, उंबऱ्याच्या आत. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "मी हात लावला तर चालेल का?"

फिटर भिंतीपासून बाजूला झाला. "बाबा, मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज भलताच मोठा निघाला. बाई आणि बायको दोघी वळल्या. "त्या दिवशी. पाइपाभोवतीची फट भरा म्हणून मीच सांगून गेलो होतो यांना. आतली सोडायची असते हे सांगितलंच नाही. आणि बंद करायच्या आधी बघायचं असतं, ते मी बघितलं नाही. हे म्हणाले होते बघून घ्या. तरी बघितलं नाही. चूक माझी होती, सगळी, आणि मी त्यांच्यावर ओरडलो." तो थांबला. आठवडाभर तोंडात घोळवलेलं बाहेर पडलं होतं आणि त्याचे कान तापले होते. आता काहीतरी अंगावर येईल, आणि येऊ दे, अशा तयारीनं तो उभा राहिला.

बाईंचा चेहरा विरघळला. "बघितलंत?" त्या बायकोला म्हणाल्या, "याला म्हणतात मोठं मन. सासऱ्यांची चूक अंगावर घ्यायला जिगर लागते." फिटर म्हणाला, "नाही, अहो, खरंच मी—" "कळलं हो, कळलं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या दंडावर थोपटलं. त्यानं बायकोकडे बघितलं. तिला तरी कळेल. ती त्याच्याचकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते; आठवडाभरात पहिल्यांदाच ती त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "पुरे आता. त्यांना बरं वाटावं म्हणून बोललास ते पोचलं त्यांना." तो पुन्हा म्हणाला, खरंच मी सांगितलं होतं, तू विचार त्यांना. जितकं तो निक्षून सांगत होता तितका त्या दोघींच्या नजरेत मोठा होत चालला होता. तो सासऱ्यांकडे वळला, जवळजवळ हात जोडल्यासारखा. "बाबा, सांगा ना तुम्ही." सासऱ्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "कुणी का सांगितलं असेना. भरली मीच ना? हात माझेच होते." त्यांच्या दृष्टीनं विषय एवढाच होता, त्यांना हातांपलीकडचं काही माहीतच नसावं, किंवा सगळं माहीत असावं. फिटरला ते चेहऱ्यावरून वाचता येईना. "घ्या," बाई म्हणाल्या, "ते बिचारे स्वतः कबूल करताहेत."

सासरे भिंतीपाशी आले, पण मध्ये बाई उभ्या होत्या, आणि हात लावायचं राहूनच गेलं. बाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला, चिमणीच्या हातात एक दिलं आणि खुशीत म्हणाल्या, "आता आमच्याकडे तुम्हीच बसवायची हं, दुसऱ्या कुणाला मी हात लावू द्यायची नाही. आणि बाबा, तुम्हीही यायचं. पण खुर्चीत बसून राहायचं, हात बांधून!" सासऱ्यांनी शाळकरी पोरासारखे छातीवर हात बांधून दाखवले. चिमणी खिदळली, बाई हसल्या, बायकोही डोळे पुसत हसली. आपण 'नाही' म्हणतोय असं फिटरला वाटत होतं, पण त्याच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते हसूच होतं.